गड घ्यायचा की शब्द पाळायचा? खानदेशच्या मातीतली एक अद्भुतरम्य कादंबरी

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. एक मोठी अद्भुतरम्य कादंबरी लिहितो आहे. राज्य काल्पनिक, माणसं काल्पनिक, नदीत आणि डोंगरात थोडी जादू. पण साचा सगळा आपल्या खानदेशचा. पश्चिमेला वाहणारी नदी, उत्तरेला डोंगराची लांब भिंत आणि त्या भिंतीतल्या खिंडीवर बसलेला गड. गड ज्याच्या हाती, दख्खनचा दरवाजा त्याच्या हाती.

असीरगड डोळ्यांपुढे आहे, हे ओळखलंच असेल. ज्यांना तो इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. १३९९ मध्ये तो वारला, तेव्हा थोरल्या नसीरकडे लळिंग आणि धाकट्या इफ्तिखारकडे थाळनेर अशी वाटणी झालेली होती. असीरगडावर तेव्हा आसा अहीर होता. मोठा पशुधनवाला माणूस, दुष्काळात आपली धान्याची कोठारं लोकांसाठी उघडणारा. मलिक राजाच्या वेळेपासून दोन्ही घरांचा सलोखा. जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की नसीरने आसाला निरोप धाडला: शत्रू चालून येताहेत, माझी बायकामुलं तुझ्या गडावर ठेवून घे. आसाने दरवाजे उघडले. डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. स्वागताला पुढे आलेला आसा मुलांसकट मारला गेला.

माझ्या कादंबरीत हा बेत थोरल्या भावाचा आहे. धाकट्याला तो आदल्या रात्री कळतो. गडावरच्या म्हाताऱ्याने या धाकट्याला लहानपणी दोन पावसाळे स्वतःच्या घरात वाढवलं आहे. दुसरीकडे गड मिळाला नाही तर भावाचं राज्य पुढच्या उन्हाळ्यात बुडणार, हेही तितकंच खरं. धाकट्याने काय करावं?

माझं मत असं, की त्याने गप्प राहावं आणि पुढची सहाशे पानं ते गप्प राहणं त्याच्या अंगावर यावं. तुमचं काय?

शेवभाजी

सहाशे पानं! मग पहिल्या वाचनाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी तुमच्याकडून. मी यायला तयार आहे.

कथाबीज मात्र जबरदस्त. डोल्यांचा प्रसंग पहिल्याच प्रकरणात येऊ द्या.

लळिंगवाट

मला गप्प राहणं पटत नाही, आणि त्याचं कारण खुद्द इतिहासातच आहे. असीरगड घेतल्यावर नसीर थांबला का? १४१७ मध्ये त्याने माळव्याची फौज मदतीला घेतली आणि सख्ख्या भावाचं थाळनेर काबीज केलं. धाकटा पुढे गुजरातच्या आश्रयाला गेला. म्हणजे आसाच्या दारात जे घडलं, तेच पुढे भावाच्या दारात घडलं.

तुमच्या धाकट्याला त्या रात्री हे दिसायला हवं. ज्याने बापाच्या मित्राला सोडलं नाही, तो मला का सोडेल? आश्रय देणाऱ्याची दया हा एक भाग झाला. स्वतःच्या जिवाची भीती हा दुसरा, आणि तो जास्त खरा वाटेल. धुळ्याहून लळिंगचा किल्ला चढून वर गेलात की एका वारसाच्या वाट्याला केवढासा मुलूख आला होता ते नजरेत भरतं. भूक कुठून आली ते तिथे उभं राहून समजतं.

वाचनवेडी

लळिंगवाट, भीतीचं म्हणणं पटलं. पण मला धाकटा बोलणारा हवा. भर सभेत, सगळ्यांसमोर. विकर्ण आठवा. द्रौपदीच्या बाजूने कौरवांपैकी तो एकटा बोलला. त्याचं कुणी ऐकलं नाही, तरीही युद्धात तो भावांच्याच बाजूने उभा राहिला आणि भीमाच्या हातून मेला. "तू चुकतोयस" असं तोंडावर सांगायचं आणि तरी साथ सोडायची नाही. घराण्याशी इमान म्हणजे काय, याची यापेक्षा कठीण परीक्षा मला सुचत नाही.

गप्प राहणाऱ्या नायकाला वाचक दहा पानं सोसतो. सहाशे नाही.

पुणेकर_पाहुणा

एक शंका. असीरगड तर मध्य प्रदेशात आहे ना? खानदेशच्या कादंबरीत तो कसा?

बुऱ्हाणपूरवासी

पाहुणे, नकाशाच्या रेघा फार पुढच्या. बुऱ्हाणपूर ही फारुकींची राजधानी होती, म्हणजे खानदेशचीच. आजही आमच्याकडे घरोघरी मराठी बोलणारी माणसं आहेत आणि रावेर-सावद्याशी सोयरीक चालू आहे. गड इथून वीसेक किलोमीटरवर. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, ते आजचे जळगाव आणि धुळे. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. या वाटण्या कागदावरच्या, सोयरीक त्यांना मानत नाही.

आता आलोच आहे तर कादंबरीच्या कामाची एक गोष्ट सांगतो. गड जिंकल्यावर नसीरला आशीर्वाद द्यायला दौलताबादेहून शेख झैनुद्दीन आले, अशी कथा आहे. नसीर त्यांना गडच नजर करायला निघाला. शेखांनी तो घेतला नाही. म्हणाले, दोन गावं वसव. तापीच्या एका काठाला माझे गुरू बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाचं, दुसऱ्या काठाला माझ्या नावाचं. ते बुऱ्हाणपूर आणि झैनाबाद.

मला या प्रसंगात नेहमी वाटतं, की नसीरला तो गड जवळ ठेवणं जड जात असावं. मिळाल्या मिळाल्या तो दुसऱ्याला द्यायला का निघावा? पापाने मिळालेली वस्तू साधूने हातात घेतली की धुतली जाते, असा हिशेब असेल का? साधूने नेमका तोच हात मागे घेतला. तुमच्या थोरल्याला एवढा एक प्रसंग द्या. नुसता खलपुरुष करू नका.

अमळनेरी

सगळे थोरल्यावर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, आणि मनापासून मांडतो.

नसीरच्या राज्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला माळवा, दक्षिणेला बहामनी. तिघेही त्याच्यापेक्षा किती तरी मोठे. तापीचं खोरं लांबट आणि उघडं. धड लपायला जागा नाही, पळायला वाट नाही. अशा राजाला एक तरी अजिंक्य गड लागतो. तो मागून मिळत नाही आणि लढून घ्यायची ताकद नाही. मग काय करायचं? असीरगड हाती आला म्हणून ते छोटं राज्य १६०१ पर्यंत टिकलं. दोनशे वर्षं इथल्या माणसाला शेती करता आली, बुऱ्हाणपुरात माग चालले. त्या माणसांनी नसीरला दुवाच दिला असेल.

मान ही मोठ्या राज्यांना परवडणारी गोष्ट आहे. लहानाने मान पाळला तर काय होतं ते याच घराण्याच्या राजा अलीखानाकडे बघा. त्याने अकबराचं मांडलिकत्व पत्करलं आणि दिलेला शब्द पाळला. १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीजवळ मोठी लढाई झाली. समोर अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंड्याची एकत्र फौज. तो मोगलांच्या बाजूने लढला आणि रणात पडला. धुमश्चक्रीत तो दिसेनासा झाल्यावर मोगल शिपायांना वाटलं की हा शत्रूला जाऊन मिळाला. त्यांनी त्याचाच तळ लुटला. प्रेत सापडलं ते नंतर. हे इमानाचं फळ.

धाकट्याने गप्प राहू नये आणि विरोधही करू नये. त्याने डोलीत स्वतः बसावं. घराणं वाचवायचं तर हात सगळ्यांचे भरले पाहिजेत.

वाचनवेडी

अमळनेरी, राजा अलीखानाचा प्रसंग वाचून काटा आला. पण त्यातून निघणारं तुमचं अनुमान मला मान्य नाही. त्याचा तळ लुटला गेला, कारण मोगलांना त्याच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. आणि दगा ही ज्यांची रोजची चाल असते, त्यांना दुसऱ्याचं इमान ओळखूच येत नाही. दोष इमान पाळणाऱ्याच्या पदरात का टाकता?

जिभाऊ

मस्त धागा शे भो. पन कानबाईनं नाव आजून कोनीच लिधं नही! आते सगळास्ले समजाले पाहिजे म्हनीसन पुढलं मराठीमा लिखस.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे घरोघर कानबाई, म्हणजे आपली खानदेशी देवी, बसते. सुरत, पुणे, मुंबई, जिथे कुठे कामाला गेलेला माणूस असेल, तो त्या दिवशी गावाला येतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, त्या पिठाचे रोट करायचे आणि ते फक्त आपल्या कुळातल्या माणसांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, कितीही जवळचा असो. उरले तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही भाऊबंदांनीच संपवायचे. वर्षभर बांधाच्या भांडणात एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसलेले मी पाहिले आहेत. कोर्टात तारीख असते तरी बसतात.

तापीकाठचे आप्पा, तुम्ही म्हणता कादंबरीत थोडी जादू आहे. मग जादू इथे घाला. एका रोटाचं अन्न ज्यांनी खाल्लं, त्यांना एकमेकांवर हत्यार चालवता येत नाही. हात उचलला तर हातच राहत नाही, असा त्या देशाचा नियम. आणि गडावरच्या म्हाताऱ्याने धाकट्याला लहानपणी दोन पावसाळे सांभाळलं म्हणता, तर त्या दोन श्रावणांत त्याच्या घरी रोट झालेच असणार. म्हातारीने पोराला उपाशी ठेवलं असेल का? तिने रीत मोडून त्याला वाढलं. म्हणजे पोरगं त्या कुळातलं झालं. त्याला आता दोन घरं आहेत, आणि हे फक्त त्याला आणि म्हातारीला माहीत.

शेवभाजी

जिभाऊ, दंडवत! इथे कादंबरीची निम्मी जादू एका प्रतिसादात उभी राहिली.

आमच्या घरी आजी रोटाचं ताट झाकून ठेवायची आणि शेजारची माझ्या वयाची पोरं आली की आम्हाला आत बोलवून घ्यायची. शेजारणीच्या पोरांना मग वेगळा गोडाचा शिरा मिळायचा. आम्ही घरची पोरं त्या शिऱ्याकडे बघत रोट खायचो.

लळिंगवाट

जिभाऊंच्या नियमाने एक पेच सुटतो आणि एक वाढतो. दोन सख्खे भाऊ एकाच रोटाचे, मग पुढे थोरला धाकट्यावर चालून कसा जाईल? उत्तर इतिहासात आहे: परक्या फौजेकडून. माळव्याचे शिपाई त्या कुळाचे नाहीत. थोरल्याने स्वतः हत्यार उचलायचंच नाही, भाड्याची तलवार आणायची. नियमाचं अक्षर पाळलं आणि जीव काढून घेतला. सत्ताधारी माणूस नेहमी असंच करतो.

सूर्यकन्या

सगळा धागा दोनदा वाचला. भाऊ, बाप, मुलगा, किल्लेदार. एकाही प्रतिसादात बाई तिच्या स्वतःच्या पायांवर आली नाही. द्रौपदी आली ती विकर्ण किती चांगला हे सांगायला. डोल्या आल्या त्या शिपाई लपवायला. जिभाऊंची म्हातारी तेवढी काहीतरी करते, तेही वाढण्यापुरतं. मला यावर सविस्तर लिहायचं आहे.

याच नसीरची एक मुलगी होती. ती बहामनी घराण्यात दिली, पुढे सुलतान झालेल्या अलाउद्दीनला. सोयरीक अर्थात राजकारणाची. पुढे अलाउद्दीनने संगमेश्वरच्या राजाची मुलगी आणली आणि तिच्यापुढे हिला विचारेनासा झाला. हिने बापाला कळवलं. बापाने फौज काढली आणि वऱ्हाडावर चालून गेला. बहामनी सरदार खलफ हसनने त्याला रोहिणखेडला हरवलं, बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन मुलूख जाळला. त्याच साली, १४३७ मध्ये, नसीर वारला. त्याला थाळनेरला पुरलं, म्हणजे जे गाव त्याने भावाकडून हिसकावलं होतं तिथेच.

इतिहासकार हे वाक्य कसं लिहितात? "मुलीच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी." मला विचारावंसं वाटतं, त्या मुलीला सूड हवा होता का? तिने पत्रात काय मागितलं असेल? कदाचित एवढंच की मला माहेरी घेऊन जा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे लेक माहेरी येते, झोके बांधतात, झोक्यावर बसून ती सासरचं सगळं गाण्यात ओकून टाकते. बाप, भाऊ ते ऐकतात आणि काही करत नाहीत, कारण लेकीला त्यांनी काही करायला नकोच असतं. तिला तीन दिवस ऐकणारं माणूस हवं असतं. नसीरच्या लेकीला आखाजी मिळाली नसेल. पत्र मिळालं, आणि पत्राचं बापाने युद्ध केलं. मग तिच्या नवऱ्याच्या फौजेने तिच्या बापाचं गाव जाळलं आणि तिला दोन्ही घरांत मान वर करायची सोय उरली नाही.

घराण्याची निष्ठा म्हणून जे कादंबऱ्यांमधून मिरवलं जातं, त्यात मुलीची निष्ठा कुठल्या घराशी हे कुणी विचारत नाही. मुलाला एक घर असतं आणि तो ते सोडेल की राखेल यावर सहाशे पानं होतात. मुलीला जन्मतःच दोन घरं असतात, त्या दोघांचं पटत नसलं तर तिचं काय? जिभाऊंनी धाकट्याला दोन कुळं दिली तेव्हा तुम्हा सगळ्यांना केवढा पेच वाटला! प्रत्येक लग्न झालेली बाई त्या पेचात जगते.

तापीकाठचे दादा, आता मुद्द्याचं बोलते. गडाचे दरवाजे आसाने कशावर विश्वास ठेवून उघडले? पहिली डोली दारात आली तेव्हा पहारेकऱ्याने आत काही पाहिलंच नसेल? आतून बाईचा आवाज आल्याशिवाय कुठला दरवाजा उघडत नाही. पहिल्या डोलीत खरी बाई बसलेली असणार. तुमच्या कादंबरीत ती कोण आहे?

वाचनवेडी

सूर्यकन्याताई, या प्रतिसादानंतर मला धाकट्यात रसच उरला नाही. ती बहीण असू दे. दोघांची धाकटी बहीण.

सातपुडा

मी तळोद्याकडचा. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली जादूबद्दल. आमच्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याची यात्रा असते. धनतेरसला पोरं रात्रीची डोंगर चढतात, अवघड वाट आहे. लोक सांगतात की कपाळावरची जखम घेऊन तो अजून फिरतो आणि वाटसरूकडे तेल मागतो. आणि गंमत अशी, की सातपुड्याच्या दुसऱ्या टोकाला, खुद्द असीरगडावरच्या महादेवाच्या देवळातही तोच पूजा करून जातो अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणजे तुमच्या गडावर अश्वत्थामा आधीपासूनच आहे!

त्याची गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे. बापाला खोटं सांगून मारलं, म्हणून त्याने झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीची पाच पोरं मारली. बापावरची निष्ठा पुरेपूर होती. शाप मिळाला तो जगत राहण्याचा. तुमच्या गडावर अशी एक जखमी आकृती फिरू द्या. दगा कुणीही करो, त्या रात्री ती त्याच्या दाराशी येऊन तेल मागते.

दुसरी गोष्ट. तुमच्या नकाशात डोंगरातली भिल्ल-पावरा माणसं कुठे आहेत? राजे गडासाठी भांडतात, पण घाट राखतात आम्ही. खाजा नाईकाचं उदाहरण घ्या. सेंधव्याच्या घाटात वाटसरूंची रखवाली करणं हे त्याचं सरकारी काम होतं. १८५७ मध्ये तो सरकारविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली, बरेच भिल्ल पडले, कितीतरी बायका पकडल्या गेल्या. पुढे विश्वासघातानेच त्याचा अंत झाला. त्याला राज्य नव्हतं, सिंहासन नव्हतं. घाट होता आणि माणसं होती. मान फक्त गडावरच्या माणसाला असतो असं लिहू नका. डोल्या खिंडीतून वर चढल्या तेव्हा त्या खिंडीच्या राखणदाराने त्या पाहिल्याच असतील. तो काय बोलला?

अमळनेरी

सातपुडाभाऊ, खाजा नाईक घेतलात, मग थाळनेरचा किल्लेदारही घ्यायला हवा. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहात होळकरांनी इकडचा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. फेब्रुवारीत इंग्रज फौज थाळनेरला आली. मालकाने गड देऊन टाकलेला, तरी किल्लेदार तुळशीराम मामा लगेच खाली झाला नाही. दारात शरणागतीची बोलणी चालू असताना गोंधळ उडाला, इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं.

मालकानेच सोडलेल्या गडाशी इमान राखून काय मिळालं? माझा प्रश्न कायम आहे.

बुऱ्हाणपूरवासी

त्याला काय मिळालं ते मला सांगता येणार नाही. पण थाळनेरला गेलं की गावकरी त्याचंच नाव घेतात. त्याला फाशी देणाऱ्या सेनापतीचं कुणी घेत नाही.

गडकोट

उशिरा आलो, पण या धाग्यात असीरगडचा शेवट यायलाच हवा.

बापाचा तळ मोगलांनी लुटल्यानंतर राजा अलीखानाचा मुलगा बहादूर गादीवर आला. त्याने अकबरापुढे जायचं नाकारलं. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात उतरला आणि गडाला वेढा पडला. पुढे काय झालं याबद्दल दोन वृत्तांत आहेत. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल गडावरच्या रोगराईचं सांगतो. जेझुइट पाद्री वेगळं सांगतात: बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावलं आणि अडकवून ठेवलं. गडाच्या म्हाताऱ्या हबशी किल्लेदाराने निरोप द्यायला मुलाला पाठवलं, तर तो मारला गेला.

पाद्र्यांच्या वृत्तांतातला पुढचा भाग मला कादंबरीपेक्षा भारी वाटतो. फारुकींचा रिवाज असा, की गादीच्या वाटेतले राजपुत्र असीरगडावरच बंदिस्त ठेवायचे. वेढ्याच्या वेळी असे सात राजपुत्र गडावर होते. मुलगा गमावलेला म्हातारा त्या सातांकडे गेला. म्हणाला, तुमच्यापैकी कुणीही राजा व्हा, मी गड लढवतो. सातांपैकी एकानेही मुकुट घेतला नाही. ते पाहून म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने गळ्याला कापड आवळून जीव दिला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. पैसा चारून दारं उघडली, असं पाद्री म्हणतात. हा वृत्तांत सगळे इतिहासकार स्वीकारत नाहीत, पण कादंबरीकाराला तो सोडता येणार नाही.

आता वरचे प्रतिसाद ओळीने लावा. गड घेतला तो विश्वासू शेजाऱ्याला मारून. मग सख्ख्या भावाचं गाव घेतलं. ज्याने भावाला सोडलं नाही त्याच्या वंशात कुणी कुणावर विश्वास ठेवायचा? म्हणून पोरंच गडावर कोंडायची रीत पडली. दोन पिढ्यांत नाही, दोनशे वर्षांत, राजा व्हायची हिंमत असलेलं एकही पोरगं त्या घरात उरलं नाही. अमळनेरी म्हणतात गडामुळे घराणं टिकलं. मी म्हणतो, गडाने घराणं आतून खाल्लं. बाहेरून कुणी जिंकायच्या आधीच ते संपलं होतं. शेवटपर्यंत त्या घराण्यासाठी उभा राहिला तो एक हबशी म्हातारा, ज्याचं त्या कुळाशी रक्ताचं काहीच नव्हतं.

तापीकाठचे भाऊ, कादंबरी एका पिढीची लिहू नका. डोलीपासून त्या सात पोरांपर्यंत लिहा.

अमळनेरी

गडकोट, हे मात्र वजनदार बोललात. तरीही एक सांगतो. दोनशे वर्षांनी घराणं पोकळ होईल म्हणून आज बुडायचं, असा निर्णय कुठलाच राजा घेणार नाही. तुमच्या थोरल्याला पुढचं दिसत नाही हे लक्षात ठेवून त्याला लिहा, नाहीतर तो मूर्ख वाटेल. तो मूर्ख नाही.

तापीकाठचा

मंडळी, वही भरली. एकेक घेतो.

जिभाऊ, रोटाचा नियम घेतला. आपल्या कानबाईचं नाव वापरणार नाही, देवीचं नाव त्या जगातलं ठेवीन. लळिंगवाट, भाड्याची तलवार हा त्या नियमाचा पळवाटा शोधणारा वापर, तोही घेतला. सातपुडाभाऊ, खिंडीचा राखणदार आता मुख्य पात्रांत आहे, आणि तेल मागणारा जखमी माणूस गडावर फिरेल. गडकोट, सात पिढ्यांचा आवाका माझ्या आयुष्यात होईल का माहीत नाही, पण तीन भागांत डोलीपासून मुकुट नाकारणाऱ्या पोरांपर्यंत न्यायचं ठरवतो.

सूर्यकन्याताई, पहिल्या डोलीत बहीण बसेल. थोरल्याने तिला सांगितलं आहे की खरोखरच आश्रयाला जायचं आहे. धाकट्याला बेत कळला आहे. त्यामुळे त्या रात्री धाकट्याने काय करावं हा प्रश्न आता असा झाला: बहिणीला सांगावं की नाही? सांगितलं तर दारात काय बोलायचं ते ती ठरवील. म्हणजे गडाचा निकाल तिच्या तोंडी आहे.

सूर्यकन्या

सांगू द्या. आणि ती काय ठरवते ते तिच्या बाजूने लिहा, भावाच्या बाजूने नको. शिवाय एक बघा, जिभाऊंचे गहू पुरुषामागे सव्वा मूठ निघतात. तिच्या नावाची मूठ कुठल्याच घरात निघत नाही. मग रोटाचा नियम तिला बांधतो का? बांधत नसेल, तर त्या अख्ख्या गडावर हत्यार चालवायला मोकळी असलेली ती एकटीच आहे.

वाचनवेडी

!!!

जिभाऊ

ताई, हाई माले सुचनंच नव्हतं. भारी.

लळिंगवाट

एक व्यवहाराची अडचण. धाकट्याने बहिणीला सांगितलं काय, न सांगितलं काय, बेत लपणार कसा? डोल्या कोण वाहतं? भोई. बाई बसलेली डोली आणि हत्यारांसकट गडी बसलेली डोली यांचं वजन खांद्याला लगेच कळतं. चढावर तर पहिल्या वळणालाच कळेल. म्हणजे गडाच्या दारात पोचेपर्यंत सगळ्या भोयांना बेत माहीत झालेला असणार.

सातपुडा

आणि माझ्या राखणदारालाही. चढाला भोई किती वेळा खांदा बदलतात ते तो लांबून मोजू शकतो. घाटात राहणाऱ्या माणसाला एवढं कळतंच.

तापीकाठचा

लळिंगवाट, सातपुडाभाऊ, भोयांचं प्रकरण आधी लिहायला घेतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात पूर्वी डोली किंवा मेणा वाहणारी माणसं असतील तर मला चढाची रीत हवी आहे: पुढचे भोई कुठले शब्द हाकारतात, खांदा कधी बदलतात, विसावा कुठे घेतात. शिरपूर-चोपड्याकडच्या भोई मंडळींपैकी कुणी इथे असेल तर कृपया लिहा.